चार शब्दांचं पान

दादाचं ई-रीडर सुरू झालं आणि पडद्यावर चार शब्द आले. 'म्हाताऱ्याने दार उघडलं आणि'. एवढ्यावर पान संपलं. अक्षरं केवढी, तर एकेक माझ्या अंगठ्याएवढं. दुकानात मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, "हे काय भलतंच?"

मी मोबाइल दुरुस्त करते. रस्त्याला लागून दुकान, मागे आमचं घर आणि वरच्या खोलीत माझा थोरला भाऊ. नवरा बोटीवर असतो, वर्षातून एकदा उगवतो, म्हणून घरात माणसं तीनच: मी, दादा आणि माझी मुलगी मुंगी. दादाने लग्न केलं नाही. शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात वाचायचं, एवढाच त्याचा संसार. माझा राग कायम नाकावर, म्हणून लहानपणापासून तो मला ठिणगी म्हणतो. पुढे माझ्या हातात तारा डागून जोडायचं सोल्डरिंगचं काम आलं आणि ते नाव मला कायमचं चिकटलं.

त्या ई-रीडरवरून, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायच्या त्या यंत्रावरून, आमचं रोज वाजायचं. पुस्तकांचं खातं दोघांचं एकच. तो पुस्तक विकत घ्यायचा आणि मी तेच फुकटात माझ्या फोनवर वाचायचे. सोल्डर थंड होईपर्यंत दोन ओळी, गिऱ्हाईक पिशवीत फोन शोधेपर्यंत आणखी दोन. दादाला ते बघवायचं नाही. "फोनवर वाचणं म्हणजे रस्त्यात उभं राहून जेवणं," तो म्हणायचा. "घास तोंडात जातो न जातो तोच कोणीतरी हाक मारतो." मी म्हणायचे, "आणि तुझी ही पाटी? ना फोन लागतो, ना फोटो निघतो. जावईबापूंचा थाट नुसता. एकच काम करायचं, तेही बसून."

त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं. फोनचा उजेड डोळ्यात घुसतो, ह्याचा घुसत नाही. फोन उन्हात नेला की काळाठिक्कर, हे मात्र उन्हात कागदासारखं लख्ख दिसतं. हे तो नुसतं बोलायचा नाही, करून दाखवायचा. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे बस दुकानासमोर लावायची, पायरीवर खुर्ची ओढायची आणि माणसं सावली शोधत असतात अशा रणरणत्या उन्हात ते यंत्र नाकाशी धरून बसायचं. गिऱ्हाइकं विचारायची, हे कोण? मी सांगायचे, माझा भाऊ आहे, वाळत घातलाय.

एक गोष्ट मला बोचायची. पूर्वी एका बैठकीत पुस्तक फस्त करणारा हा माणूस आता महिना महिना एकाच पुस्तकात अडकलेला असायचा. माझं फोनवर वाचून कधीच झालेलं असायचं आणि मी शेवट सांगायची धमकी द्यायचे. "मी चवीने वाचतो, तू गिळतेस," तो म्हणायचा. मला वाटायचं, वय झालं, माणूस सुस्तावला.

तर त्या दिवशी सकाळी ते यंत्र चार्ज होईना. दादाने ते काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात काढेना. "फक्त चार्जिंगचं बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"माझ्याच दुकानात मलाच अक्कल शिकव तू," मी म्हणाले आणि ते ओढून घेतलं. एरवी तो मुंगीलाही त्याला बोट लावू द्यायचा नाही. आम्हाला वाटायचं, एकट्या माणसाचे लाड आहेत, असू देत.

चार्जिंगची खाच सैल झाली होती. मागचं झाकण उचकटलं, भिंगाखाली जुनी खाच काढली, नवी बसवली, सगळं परत दाबून बंद केलं. बटण दाबलं आणि ते चार शब्द समोर आले. पुढचं पान उलटलं. त्यावर तीनच शब्द. त्याच्या पुढच्या पानावर एक लांबलचक शब्द मधोमध तुटून खालच्या ओळीत गेलेला.

आता माझ्या धंद्यातल्या माणसाला असं काही दिसलं की डोक्यात एकच गोष्ट येते: बिघाड. फोन खिशात आपोआप दाबले जातात आणि काहीतरी भलतंच चालू होतं. आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक घाबरंघुबरं होऊन येतं, बाई, माझा फोन मोठा झालाय. मी दोन ठिकाणी बोट लावते, तो लहान होतो आणि ते मला दुवा देत जातं. इथेही तेच झालं असणार, असं मी धरून चालले. बिचारा दादा, एवढ्या मोठ्या अक्षरांत कसा वाचत असेल, आणि मला सांगायला लाजला असेल, कारण मी हसले असते. मी खरंच हसले असते.

मी अक्षरं लहान केली. नुसती लहान नाही, तर माझ्या फोनवर असतात तेवढी बारीक, आणि उगाच जाड केलेली होती ती नेहमीसारखी सडपातळ केली. पान कसं गच्च भरलं. काच पुसली आणि त्याला सांगायचं नाही असं ठरवलं. बघू दे स्वतःच आणि कौतुक करू दे, असा माझा बेत होता.

दुपारच्या फेरीनंतर बस समोर येऊन थांबली. दादाच्या शाळेची मुलं लवकर सुटतात, मोठ्या शाळा त्यानंतर. मुंगी त्याच्याच बसने येते, शेवटचा थांबा आमचाच. ती धावत आत आली, बिस्किटाचा डबा उचलला आणि कपाटामागे तिच्या छोट्या टेबलाशी चित्र काढत बसली. दादाने विचारलं, "झालं का?" मी यंत्र त्याच्या हातात दिलं. तो खूश होऊन पायरीवर गेला, खुर्ची उन्हात ओढली आणि बसला. मी एका फुटक्या पडद्याला लागले, पण कान बाहेर. आता हाक येईल, ठिणगे, कमाल केलीस.

हाक आली नाही. थोड्या वेळाने तोच आत आला.

"बिघडवलंस की गं."

"काय बिघडवलं?"

"चालू होतंय, पण पानच येत नाही. कोरं आहे."

मी ते हातात घेतलं. पान वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेलं होतं, एका ओळीत दुसरी ओळ घुसेल इतकं. मला वाटलं, चेष्टा करतोय. दादा चेष्टा करताना डावी भुवई उचलतो. मी वर बघितलं. भुवई जागेवर होती, आणि तो माझ्याकडे न बघता माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत उभा होता.

"दादा, हे कोरं आहे?"

"मग काय खोटं बोलतोय? पांढरं फटक आहे सगळं."

"अरे, हे भरलेलं आहे. काठोकाठ."

एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी बघितलं, आणि नसतं बघितलं तर बरं झालं असतं. मग तो हसला. "हां हां. उन्हातून आत आलो ना, डोळे दिपलेत. दे इकडे."

"देते. एक मिनिट." मी पाठ फिरवली. मी पुस्तक बंद केलं आणि त्या यंत्राच्या सेटिंगची यादी उघडली. बॅटरी, भाषा, तारीख, आवाज. मग ते त्याच्या हातात दिलं. "वाच बघू पहिली ओळ. मोठ्याने."

दादाने यंत्र नाकाशी धरलं, मान जराशी तिरकी केली आणि घसा खाकरला. "म्हाताऱ्याने दार उघडलं आणि पायरीवरच्या पोराला विचारलं, आत येतोस की गारठून मरतोस? पोरगं काही बोललं नाही. त्याच्या हातात एक कंदील होता आणि तो विझलेला होता." इतकं सुंदर वाचत होता. स्वल्पविरामाला थांबत होता, म्हाताऱ्याच्या वाक्याला आवाज घोगरा करत होता. समोर लिहिलेलं होतं, बॅटरी, भाषा, तारीख, आवाज.

मी स्टूल ओढून खाली बसले.

"पुरे, दादा," मी म्हणाले. "तिथे पुस्तक नाहीये."

तो वाचायचा थांबला. यंत्र हळूच काउंटरवर ठेवलं, म्हणजे ठेवायला गेला. काउंटर कुठे संपतो ते त्याने आधी बोटांनी चाचपून घेतलं. असं तो नेहमीच करायचा आणि मला वाटायचं, किती जपून वागतो वस्तूंशी. एकेक आठवायला लागलं. लोकांशी बोलताना त्यांच्या खांद्यापलीकडे बघणं. चहाच्या कपात बोट घालून चहा ओतणं. फोन आला की 'तूच बघ गं कोणाचा आहे' म्हणून माझ्याकडे सरकवणं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते खोटं नाही. माणूस सोडून मी यंत्र दुरुस्त केलं होतं.

"किती दिसतं तुला?" मी विचारलं.

"दिसतं गं. तू समजतेस तसं नाही. कडेचं सगळं दिसतं." तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला. "मधलं जातं. जिकडे बघायला जावं तिथेच धुकं. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, चेहरा नाही. कानाकडे बघितलं की चेहरा जरा येतो."

"कधीपासून?"

"आधी बारीक अक्षरं गेली. मग जरा मोठी केली. मग आणखी मोठी. फोनवर करून बघितलं होतं, पण त्याचा उजेड पसरतो, सगळं दूध सांडल्यासारखं होतं. हे बरं होतं. उन्हात धरलं की काळं ते काळं राहतं." तो हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होता की मला ओरडावंसं वाटलं. "म्हटलं, वाचता येतंय तोवर काही बिघडलं नाही."

"डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो तर तो लिहून देईल ना."

"काय लिहून देईल?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात खरी गोष्ट शिरलीच नव्हती. मी भावाच्या डोळ्यांचा विचार करत होते. त्याच्या पुस्तकांचा, त्याच्या एकटेपणाचा. मग माझी नजर त्याच्या मागे गेली. दुकानाच्या दारातून अख्खा रस्ता दिसतो आणि रस्त्यापलीकडे ती पिवळी बस उभी होती, नुकतीच बसभर पोरं घरोघर सोडून आलेली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. असं आपण उठसूट म्हणतो. त्या दिवशी मला ते खरोखरचं कळलं, मी काउंटरची कड धरली.

"दादा, तू बस चालवतोस."

"रस्ता पाठ आहे गं मला. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे गतिरोधक. डोळे मिटून..."

"तू पोरांना घेऊन फिरतोस."

"कडेचं दिसतं म्हणालो ना. गाड्या कळतात. आरसे कळतात. आजवर कोणाला ओरखडा आला नाही. हळू चालवतो. लोक नावं ठेवतात, पण हळूच चालवतो." तो उठला आणि खिशातून किल्ली काढली. "बस डेपोत लावून येतो. मग हवं तेवढं भांड."

मी त्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली. माझ्या थोरल्या भावाच्या हातातून, ज्याच्यापुढे मी आयुष्यभर फक्त तोंड चालवलं, हात कधी नाही. त्याला ती जाताना दिसलीही नाही. हात रिकामा झाल्यावर त्याने मूठ दोनदा मिटली.

"सिग्नल?" मी विचारलं. "सिग्नल कसा बघतोस? तो तर बरोबर समोर असतो. मधोमध."

दादाने मान खाली घातली. उत्तर कपाटामागून आलं.

"सिग्नल आम्ही सांगतो ना, आई," मुंगी म्हणाली.

मला ते माहीत होतं. तेच तर भयंकर होतं, मला पहिल्यापासून माहीत होतं. दादाच्या बसमध्ये एक खेळ असतो. पुढच्या सीटवर रोज वेगळा मुलगा किंवा मुलगी बसते, तिला कॅप्टन म्हणतात. तिने पुढचा सिग्नल ओरडून सांगायचा, लाल, पिवळा, हिरवा. कोणी रस्ता ओलांडत असेल तर 'माणूस' म्हणून ओरडायचं. मग मागची सगळी पोरं एका सुरात तेच ओरडतात. पोरांना सांभाळणाऱ्या बाई मागच्या दाराशी बसतात, त्यासुद्धा हसत हसत सामील होतात. मुलं रहदारीचे नियम शिकतात म्हणून शाळेने दादाचं कौतुक केलं होतं. मी ते कौतुक दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला ऐकवलं होतं. म्हणजे पुढच्या सीटवर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांवर ती अख्खी बस चालली होती.

मुंगी बिस्किट खात बाहेर आली. आमची तोंडं तिने बघितली नव्हती अजून. "काल मी कॅप्टन होते. मामा, सांगू? मी काल गंमत केली."

"कसली गंमत?" मी विचारलं.

"आमच्या वर्गातला जाड्या म्हणतो, मामाला सगळं दिसतं, तो उगाच आम्हाला विचारतो. मी म्हटलं, बघूया. मग लाल होता आणि मी हिरवा म्हटलं."

दादाचं तोंड तिच्याकडे वळलं.

"मग?" मी म्हणाले.

"मग मामा गेला की." तिने आता आमच्याकडे बघितलं आणि तिचं बिस्किट हातातच राहिलं. "मामा, तू रागावलास?"

दादा तिच्यासमोर खाली बसला. त्याचा रंग उडाला होता. मला वाटलं होतं, ह्याला सगळं ठाऊक असेल, आणि ह्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "नाही रागावलो. मला नीट सांग. कुठला चौक?"

"दवाखान्याचा."

"रस्त्यात कोणी होतं?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग म्हणून. "एक आजी होती. काठीवाली. ती पटकन मागे झाली. तिची पिशवी पडली आणि बटाटे गेले सगळे रस्त्यात. आम्ही 'माणूस, माणूस' म्हणून ओरडलो ना, तेव्हा."

"मला ऐकू आलं होतं," दादा म्हणाला. "मला वाटलं, खेळाच्या भरात ओरडताय. मीपण तुमच्याबरोबर ओरडलो."

"हो, तू हसतपण होतास."

"मला ती दिसली नाही," दादा म्हणाला. मग परत म्हणाला, जणू ते वाक्य त्याने स्वतःही पहिल्यांदाच ऐकलं होतं. "मला दिसत नाही."

मुंगी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि रडू नको म्हणायचं सोडून स्वतःच रडले. मला त्याचा संताप आला होता, भीती वाटत होती आणि त्याची कीवही येत होती. यातलं कुठलं पहिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. एक मात्र मला स्वच्छ कळत होतं. ह्या माणसाने उद्या सकाळी त्या बसमध्ये पाय ठेवता कामा नये, मग माझं आणि त्याचं नातं राहो की न राहो.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "साहेबांना फोन लाव. माझ्या फोनवर नंबर मला सापडायचा नाही."

साहेब म्हणजे बस डेपोचे. मी माझ्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. डेपोचे साहेब तोंडाचे गोड आहेत, दादाशी तर विशेष, कारण दादाची गाडी कधी उशिरा येत नाही आणि कधी आपटत नाही.

"बोला, वाचनवीर. काय सेवा करू?"

"साहेब, उद्यापासून माझी बस दुसऱ्याला द्या."

"का हो? आजारी आहात की काय?"

"आजारी नाही. मला दिसत नाही."

पलीकडे साहेब मनापासून हसले. "कालच तर भेटलो आपण. काय बरं नवीन वाचलंत, त्यातलं नाटक आहे का हे?"

"हसू नका, साहेब. समोरचं काहीच दिसत नाही. गेली दोन वर्षं तरी."

"अहो, काहीतरीच काय? गेल्या डोळे तपासणीत अख्ख्या डेपोत पहिले आलात तुम्ही. शेवटची बारीक ओळ मोजक्यांनाच वाचता आली, तुम्ही तर धडाधडा वाचलीत. मी स्वतः उभा होतो."

दादाने डोळे मिटले. आणि म्हणायला लागला. आधी एक अक्षर, मग दोन, मग तीन. ग. म, र. ट, न, प. खाली खाली ओळी लांब होत गेल्या आणि तो कुठेही न अडखळता म्हणत गेला. श्वास घ्यायलाही बरोबर ओळीच्या शेवटी थांबत होता. शेवटची ओळ संपली तेव्हा फोनमधून फक्त डेपोतल्या पंख्याचा आवाज येत होता.

"डोळे तपासायचा तक्ता दर वर्षी तोच असतो, साहेब," दादा म्हणाला. "पहिल्या वर्षी रांगेत पुढच्यांचं ऐकून पाठ केला. मला पाठांतर जमतं."

मग साहेबांनी विचारलं, तेही अगदी हळू, "बस आत्ता कुठे आहे?"

"बहिणीच्या दुकानासमोर. किल्ली तिच्याकडे आहे."

"तिथेच राहू दे. तुम्ही हात लावायचा नाही. मी माणूस पाठवतो." साहेबांचा आवाज बदलला होता, त्यातला गोडवा पार गेला होता. "एवढी वर्षं माझ्या नाकाखाली. बरं, देवाची कृपा की एकटे तुम्हीच होता."

मी दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीच नव्हतं. तो दोन्ही हातांनी काउंटर धरून उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "तक्ता आणखी कोणाकोणाला हवा होता. मी शिकवला."

"म्हणजे?"

"तपासणीच्या आदल्या दिवशी डोळे अधू झालेले दुसरे ड्रायव्हर यायचे माझ्याकडे. म्हणायचे, तुला पाठ आहे ना, मग सांग, नाहीतर आमची नोकरी जाईल. मी सांगायचो. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो?"

"कोण? नावं सांगा."

"सांगतो. सगळी सांगतो," दादा म्हणाला. रस्त्याच्या टोकाकडून पोरांचा कालवा ऐकू यायला लागला होता. मोठ्या शाळांची सुटायची वेळ झाली होती. "पण आधी त्यांच्या बस थांबवा, साहेब. आत्ता भरून निघाल्या असतील."